कणीक लावलेली चटई

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. नाही, तुम्ही कबूल कराल आणि तरी हसालच, तेव्हा ते राहू द्या. चहा घ्या आधी. आमच्या वाडीत हा किस्सा मला स्वतःला सांगायची सोयच उरलेली नाही. मी तोंड उघडायच्या आत दुसरा कोणीतरी सांगून मोकळा होतो, वर त्यात आपला मीठमसाला घालतो. तुम्ही बाहेरचे आहात म्हणून तुम्हाला अस्सल सांगतो, मीच केलेला गाढवपणा माझ्याच तोंडून.

माझी गिरण आहे. मालवणच्या अलीकडे खाडीच्या काठाने रस्ता येतो ना, त्याला लागून. दिवसभर तांदूळ, नाचणी, वड्यांचं पीठ. संध्याकाळी गिरण बंद केली की अंगावरचं पीठ झटकायचं आणि देवळात पखवाज घेऊन बसायचं. बावीस वर्षं हेच. बायको म्हणते, तुमच्या केसांतलं पांढरं कुठलं पीठ आणि कुठलं वय हे आता देवालाच ठाऊक.

आमचे भजनाचे बुवा म्हणजे तातू बुवा. पेशाने शिंपी. गळ्यात कायम मोजपट्टी. कापडात अर्धं बोट चुकलेलं चालणार नाही आणि भजनात अर्धी मात्रा. माझ्यावर जीव होता त्यांचा, पण एक वाक्य दर तालमीला ऐकवायचेच.

"अंकुशा, तुझो हात गोड आसा, तेबद्दल वाद नाय. पण तुझी लय धावता. गजर सुरू झालो काय तू असो पळतंस, जशी काय तुझी गाडी चुकतली."

"मी पळणंय नाय, बुवानू," मी म्हणायचो. "तुमीच मागे रवतास."

आता हे मी मनापासून म्हणत होतो बरं का. गिरणीत दिवसभर पट्टा गरगरत असतो, कान त्या वेगाला बसलेले. मला खरंच वाटायचं की अख्खं भजनी मंडळ पेंगतंय आणि मी एकटा जागा आहे.

मोबाइलला रेंज हवी तर आमच्याकडे घरामागच्या टेकडीवर चढावं लागायचं, त्या काळातली गोष्ट. देवीच्या जत्रेला डबलबारी ठरली. दोन बुवा समोरासमोर, दोन मंडळं, आलटूनपालटून गाणं आणि मधे एकमेकांना चिमटे काढणं. समोरचे बुवा कणकवलीकडचे, मोठे नावाजलेले. आमच्या गावाचा मान पणाला. आणि अशा वेळी तातू बुवांनी एका रविवारी सकाळी माझ्यासमोर बॉम्ब टाकला.

"पिंगुळीच्या दिगंबराक निरोप धाडलंय. पखवाजाचा शनवारच्या तालमीक ठरवतलंय. तू नायतर तो."

दिगंबर! माझ्या जागेवर? आणि मी काय, मागच्या रांगेत झांजा वाजवत बसू? गावातली पोरंटोरं, माझे सासरवाडीचे लोक, सगळे समोर बसणार आणि मी झांजा? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बांगड्याचं तिखलं होतं, तरी गेलं नाही, यावरून काय ते समजा.

त्याच दिवशी आमच्या घरात ती चटई अंथरली गेली.

माझी मुलगी तेजू कुडाळला कॉलेजात शिकायची. आठवडाभर मामाकडे, शनिवार-रविवार घरी. तिच्या शिक्षणासाठी घेतलेला कंप्युटर मात्र आमच्या ओटीवर, कारण मामाकडे तो ठेवायला जागा नव्हती. तिच्या मैत्रिणीचा भाऊ बोटीवर कामाला. त्याने कुठल्यातरी बंदरातून एक प्लास्टिकची चटई आणलेली, ती तेजूने पंधरा दिवसांसाठी मागून आणली. चटईवर चार बाण काढलेले. एक पुढे, एक मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागून एक वायर निघते ती कंप्युटरात जाते. पडद्यावर गाणं लागतं आणि खालून बाण वर सरकत येतात. बाण वरच्या रेषेला लागला की त्याच क्षणी चटईवरचा तोच बाण दाबायचा. बरोबर जमलं तर पडद्यावर झळकतं परफेक्ट. आधी दाबला तर अर्ली. राहिलाच तर मिस.

तेजू चप्पल काढून चटईवर उभी राहिली आणि मी ओरडलो.

"तेजू, पाय काढ."

"कित्याक बाबा?"

"हेच्यार गाणा वाजता मां? मगे ता वाद्य झाला. वाद्यार पाय ठेवतंस?"

"बाबा, ता पायांनीच खेळूचा आसता."

"थय आसात तसा. हय नाय."

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? पखवाजाला चुकून पाय लागला तर आम्ही हात लावून तो कपाळाला नेतो. तातू बुवा सकाळी शिवणयंत्राला नमस्कार केल्याशिवाय दोरा ओवत नाहीत. मी गिरणीच्या जात्यालासुद्धा पाय लावत नाही. आणि जिच्यावर तालाचा हिशेब होतो त्या चटईवर थयथया नाचायचं? मी चटई ओल्या फडक्याने, नाही, कोरड्या फडक्याने पुसली, नमस्कार केला आणि तिच्यासमोर मांडी ठोकून बसलो. डावा आणि मागचा बाण डाव्या हाताला, उजवा आणि पुढचा उजव्या हाताला. झाला पखवाज.

तेजूने कपाळाला हात लावला आणि गाणं सुरू केलं.

आणि काय सांगू, पाच मिनिटांत मी पारखा झालो जगाला. बाण येतोय, येतोय, मारला! पुढचा आलाच. दोन एकदम आले. डावा, उजवा, डावा, आणि मधेच एक खोडसाळ मागचा. गाणं कुठल्या परक्या भाषेतलं, कोणी कधी बसवलेलं, आपला काही संबंध नाही. पण बाण नेमका बसला की असं वाटतं, हे आपणच वाजवलं. आपण हात मारला म्हणूनच ते वाजलं. बावीस वर्षं वाजवतोय मी, पण "आत्ता, या क्षणाला, बरोबर" असं ताबडतोब कोणी सांगितलं नव्हतं कधी. लोक टाळ्या वाजवतात त्या शेवटी. ही चटई तर हाताहाताला बोलते.

आणि चुकलं तरी मजाच. कोणी डोळे वटारत नाही. मिस म्हणते आणि पुढचा बाण पाठवते. वाईट वाटून घ्यायला वेळच नसतो हो. मी हसत होतो, तेजू हसत होती, आतून माझी बायको शालन हातात डाव घेऊन बाहेर आली आणि बघत उभी राहिली.

"माका खेळाक देवा बघूया," ती म्हणाली. डाव माझ्या हातात दिला, पदर खोचला, "देवा म्हाराजा, पाय लागता तेची क्षमा कर," असं पुटपुटली आणि सरळ चटईवर चढली. चवथीला रात्र रात्र फुगडी घालणारी बाई ती. धप धप धप. परफेक्ट, परफेक्ट, परफेक्ट. आमटी करपली पण बाई उतरेना.

माझं काय झालं? ते सांगायला नको होतं, पण सांगतो. अर्ली, अर्ली, मिस, अर्ली, अर्ली.

"बाबा, तुमी बाण येवच्या आदीच मारतास. वायच थांबा," तेजू म्हणाली.

"बाण उशिरा येता तेका मी काय करू?"

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना तुम्हाला? मला त्या वेळी नाही वाटलं.

सोमवारी सकाळच्या एसटीने तेजू कुडाळला गेली. जाताना दारातून बजावून गेली, "चटई मैत्रिणीची आसा. खेळा किती व्हया तितक्या, पण तिच्यार पाणी पडूक देव नकात." मी म्हटलं, मी काय लहान आहे?

सोमवारी दुपारी गिरण बंद करून खेळलो. अर्ली. मंगळवारी खेळलो. अर्ली. ते अर्ली पडद्यावर नुसतं उमटायचं, पण मला ते तातू बुवांच्या आवाजात ऐकू यायला लागलं. शनिवार जवळ येतोय, दिगंबर पिंगुळीत बसून पखवाजाला शाई घोटत असेल आणि इथे एक परदेशी प्लास्टिक मला उतावळा म्हणतंय. डोकं असं तापलं की मी चटईवर दोन थापा रागानेच मारल्या. आणि तिथे मला उमगलं.

डावा बाण बोलतच नव्हता. नुसता टप्प. सुका.

पखवाज वाजवणाऱ्याला हे सांगायला लागत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. वाजवायला बसायच्या आधी ताजी लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक नसेल तर डावा हात किती आपटा, घुमारा येत नाही. आणि घुमारा नसेल तर हाताला लय कशी सापडणार? दोष माझा नव्हताच. वाद्य तयार केलेलं नव्हतं!

कणकेची काय कमी, गिरण माझीच. मूठभर पीठ घेतलं, चांगलं सैल भिजवलं आणि पुरीएवढी थाप डाव्या बाणावर बसवली. कडा ओल्या बोटांनी नीट दाबल्या. तेजूने पाणी लावू नका म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात होतं. पण कणीक म्हणजे काही पाणी नव्हे.

मग सुरू करायला बाण दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. पडदा नुसता बघतोय माझ्याकडे. मला वाटलं, ठीक आहे, कणीक मुरायला वेळ लागतोच. मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायलो, बाहेर आलो, तर गाणं आपोआप सुरू झालेलं.

मी कोणाला हाक मारली नाही, कळ दाबली नाही. वाद्य स्वतःहून बोलायला लागलं. अंगावर काटा आला माझ्या. झटकन मांडी घालून बसलो आणि हात टाकला.

परफेक्ट. परफेक्ट. परफेक्ट.

मी थोडा वेग वाढवला. परफेक्ट. मधेच माझ्या पदरची एक तिहाई घातली, जी बुवा मला कधी घालू देत नाहीत. परफेक्ट. शेवटी डोळेच मिटले आणि देवळात बसल्यासारखा मान डोलावत वाजवत राहिलो. डोळे उघडले तेव्हा गाणं संपलं होतं आणि पडद्यावर आकडा किती, तर शंभरापैकी शंभर. कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती, पण चष्मा गिरणीत राहिला होता. आणि ऐन मैफलीत कोण कोपरे बघत बसतो?

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज ताजी कणीक, रोज शंभर. मी गिरणीतसुद्धा नाचत होतो. गिऱ्हाइकाचं तांदळाचं पीठ नाचणीच्या डब्यात घातलं आणि वर म्हटलं, भाकरी चांगली होईल.

शालनला मात्र शंका. "बावीस वर्सात जमूक नाय ता चार दिसात कसा जमला?"

"वाद्य तयार करूचा लागता गो."

"माका तर सुक्याच चटईर जमला होता."

तिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, तेवढं शहाणपण होतं.

शुक्रवारी पारू काकी ओटीपाशी आली. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन घरोघर फिरणारी बाई. ती खिडकीतून बघत उभी राहिली. मी वाजवतोय, पडदा परफेक्ट म्हणतोय. तिने विचारलं, "ह्या काय म्हणता?" मी सांगितलं, "माझी लय तपासता. शंभरात शंभर देता."

बस्स. त्या दिवशी ज्या ज्या घरी बांगडे गेले त्या त्या घरी ही बातमी गेली. दुपारपर्यंत अंकुशाला परदेशी मशीनने पास केलं. चार वाजेपर्यंत त्या मशीनने मुंबईच्या मोठमोठ्या लोकांना नापास केलेलं होतं. संध्याकाळी तातू बुवा किलोभर नाचणी घेऊन गिरणीवर हजर. त्यांच्या घरी नाचणी कोणी खात नाही, हे मला माहीत होतं.

"अंकुशा, मशीन तुका परफेक्ट म्हणता म्हणान आयकलंय."

"म्हणता, बुवानू. दर थापेक."

बुवांनी मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मगे उद्या तालमीक ता देवळात हाड. मी माझ्या डोळ्यांनी बघतलंय. तसा झाला तर दिगंबराक नको म्हणान कळवतंय."

अहो, मी तर पिसाटलोच. शनिवारी शेजाऱ्याच्या टेम्पोत कंप्युटर चढवला. पडद्याला गोधडी गुंडाळून मांडीवर घेतला. चटईची सुरळी खांद्यावर. धुतलेला लेंगा, पांढरी टोपी. कणीक स्टीलच्या ताटलीत, वर दुसरी ताटली झाकून. टेम्पोतून उतरलो तर देवळाचा मंडप भरलेला. पारू काकी पहिल्या रांगेत, मोकळी टोपली शेजारी ठेवून.

वायर जोडल्या. चटई अंथरली. मी ताटली उघडली आणि सगळ्यांच्या देखत डाव्या बाणावर कणीक थापली.

"ह्या कित्याक?" बुवांनी विचारलं.

"बुवानू, तुमी विचारतास? डावी बाजू सुकी ठेवली तर वाद्य बोलात काय?"

बुवांनी मान हलवली. मुद्दा शास्त्राला धरून होता.

"आता सगळ्यांनी वायच शांत रवा," मी म्हणालो. "मुरूक व्हया."

आणि अख्खा गाव, तुम्हाला सांगतो, शंभरएक माणसं श्वास रोखून एका कणकेच्या गोळ्याकडे बघत बसली. कोणी खोकलं नाही. एक मूल रडायला लागलं तर त्याला बाहेर नेलं. आणि मग आपोआप, मी बोट न लावता, गाणं सुरू झालं. मंडपातून अशी "आं" निघाली की मला देवीच प्रसन्न झाल्यासारखं वाटलं.

मी हात टाकला. परफेक्ट. परफेक्ट. तिसऱ्या-चौथ्या थापेपासून लोकच ओरडायला लागले, परफेक्ट, परफेक्ट. पारू काकीला इंग्रजी येत नाही, पण सर्वात मोठा आवाज तिचा. मी चक्रदार तिहाई घातली, मान झटकली, टोपी उडाली. परफेक्ट. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं. ते उठले, देवीसमोरचा नारळ उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अंकुशा, मी हरलंय. इतकी वर्सा तुका बोललंय, ती माझी चूक. बारी तुझी."

मी उठलो. दोन्ही हातांत नारळ घेतला, कपाळाला लावला आणि वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोकं उचललं तर मंडप एकदम गप्प. मला वाटलं, लोकांचं मन भरून आलंय.

तेवढ्यात पारू काकी म्हणाली, "अंकुशा, मेल्या, तुझी चटई तुज्याशिवाय वाजता मरे."

मी मागे वळून बघितलं. चटईवर कोणी नाही. कणीक एकटी बसलेली. आणि पडद्यावर, परफेक्ट, परफेक्ट, परफेक्ट.

शहाण्या माणसाने तिथे काय केलं असतं? गप्प बसला असता. मी धावत जाऊन परत मांडी घातली आणि नारळासकट थापा मारायला लागलो, मधे सुटलेल्या मात्रा भरून काढायला.

"बाबा."

मंडपाच्या दारात तेजू. संध्याकाळच्या एसटीने आलेली, खांद्याला बॅग तशीच. ती चटईजवळ आली, वाकली, डाव्या बाणाकडे बघितलं.

"ह्या काय?"

"कणीक," मी म्हटलं.

तिने बोटाने कणीक उचलली. खालून पाण्याचा ओघळ आला. तिने चटई उचलून झटकली तर शिवणीतून थेंब पडले. पोर खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय. मग लक्षात आलं, हसतेय. हसता हसता तिने सांगितलं ते असं: चटई मंगळवारीच मेली होती. आणि कोणीच काही दाबलं नाही की थोड्या वेळाने मशीन कंटाळतं आणि नमुना म्हणून स्वतःच स्वतःला खेळून दाखवतं. त्यात ते कशाला चुकेल? कोपऱ्यातली ती चार अक्षरं, ती म्हणजे डेमो.

"म्हणजे अंकुश वाजवी नाय होतो?" मागून कोणीतरी विचारलं.

"अंकुश पीठ थापी होतो," शालन म्हणाली. बायको माझीच.

मंडप फुटला. लोक खांबांना धरून हसत होते. तातू बुवा तेवढे हसले नाहीत. त्यांनी तेजूला विचारलं, "चटईबगर खेळाक येता काय?" तिने कीबोर्ड पुढे ओढला. त्यावरही तेच चार बाण. बुवांनी मला नुसती खूण केली. बसलो. दोन बोटांनी, अख्ख्या गावासमोर, कणकेशिवाय.

अर्ली. अर्ली. अर्ली. मिस. अर्ली.

बुवा पुढे आले. माझ्या मांडीवरचा नारळ उचलला आणि देवीसमोर परत नेऊन ठेवला. मग मात्र असे हसले की मोजपट्टी गळ्यातून खाली पडली.

"इतकी वर्सा मी सांगतंय ता तुका पटला नाय. आता मशीनान सांगितल्यान, पटला मां? जत्रेक बारा दिस आसत. ह्या मशीनान तुका अर्ली म्हणूचा सोडल्यान तर नारळ तुझो. नायतर दिगंबराचो."

ते बारा दिवस कसे गेले विचारू नका. म्हणजे विचारा, मजेत गेले. लाज होती, पण खेळायला बसलं की ती बाजूला राहायची. चटई उन्हात वाळवली, पण डावा बाण परत काही उठला नाही. मैत्रिणीच्या भावाला पुढच्या फेरीत दुसरी आणायला सांगितली आणि तिच्या घरी वड्यांचं पीठ पाठवून माफी मागितली. मी दुपारी कीबोर्डावर खेळायचो आणि भांडी घासून झाली की शालन शेजारी बसायची. मी बोट उचललं की ती माझा दंड धरायची. "थांबा. येवंदे तेका. आता."

आणि त्या थांबण्यात काय मजा आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. बाण येतोय हे दिसतंय, हात शिवशिवतोय, तरी थांबायचं. झोका वर जाऊन क्षणभर थांबतो ना, तसं. आणि मग नेमका हात पडतो. तो आनंद खोट्या शंभरात कुठे होता? त्यात मी आणि मशीन दोघेही आपापलं वाजवत होतो. अकराव्या दिवशी एक अख्खं गाणं एकही अर्ली न येता पार पडलं. पैकीच्या पैकी नाही हो, मिस होते चार-पाच. पण अर्ली नाही. मी आणि शालन ओटीवर फुगडी घालत होतो. खिडकीत कोण, तर पारू काकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण उघडायला गेलो तर दाराशी नारळ ठेवलेला.

आता बारी. मांडव खच्चून भरलेला, आमची आणि त्यांची मंडळं समोरासमोर. कणकवलीकडचे बुवा तयारीचे. बारीत समोरच्याला टोमणे मारायची रीतच असते, आणि बांगड्यांबरोबर गेलेली बातमी कणकवलीपर्यंत पोचली होती. आपला गजर संपवून ते माइकवर म्हणाले,

"तातू बुवानू, तुमचो पखवाजवालो हात काढता तरी पखवाज वाजता, असा आयकलंय. मंडळींका वायच दाखवा बघूया."

मांडव हसला. माझे कान गरम झाले. तातू बुवांनी हसून नमस्कार केला आणि आमचा गजर उचलला. झांजा चढल्या, माझा हात बसला. बाण दिसत होते मला, खरंच, डोळ्यांपुढे सरकत येत होते, आणि मी प्रत्येकाला येऊ देत होतो. गजर अगदी भरात आला, मंडळी टाळ्यांवर डोलायला लागली, आणि बुवांनी गाता गाता माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. मला समजलं. पुढच्या समेला मी दोन्ही हात पखवाजावरून उचलून हवेत धरले.

पखवाज गप्प. सगळ्यांना दिसलं की हे वाद्य माझ्याशिवाय वाजत नाही. आणि मग जो कल्ला झाला, समोरचे बुवासुद्धा उभे राहून हात जोडत होते. बावीस वर्षं पखवाज वाजवतोय, एवढ्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या. मिळाल्या त्या कधी, तर मी वाजवत नव्हतो तेव्हा.

बारी संपल्यावर बुवांनी मला मिठी मारली. मी म्हटलं, आज तरी काही उणं काढू नका. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी बोटाला गुंडाळली आणि माझ्या कानाशी आले.

"बरा वाजवलंस रे. सगळा नेमक्या जाग्यार पडला. हात मात्र वायच अर्ली उचललंस."